सीझन तिकीट: खुर्ची एक, पावत्या चार

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो. त्याआधी तिथल्या मराठी वाचकांची आणि इथल्या काही पालकांची सीझन तिकिटांबद्दलची, म्हणजे संघाच्या घरच्या मैदानावरच्या सगळ्या सामन्यांच्या एकत्रित तिकिटांबद्दलची, पत्रं आली. त्यांतली निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न: संकेतस्थळावर प्रत्येक खुर्चीचा भाव बेताचा दिसला. दोन खुर्च्या निवडून पैसे भरायला गेलो तर रक्कम जवळजवळ दुप्पट. आमचं काही चुकलं का? – केरी, नॉर्थ कॅरोलायना

चुकलं नाही. तुम्ही तिकिटाचा भाव पाहिलात आणि देणगी पाहायची राहिली. मोठ्या संघांकडे चांगली खुर्ची हवी असेल तर तिकिटाचे पैसे वेगळे आणि विद्यापीठाच्या क्रीडा निधीला द्यायची देणगी वेगळी. ही देणगी दर खुर्चीमागे आणि दरवर्षी द्यावी लागते. मैदानाच्या लांब बाजूला, मध्यरेषेजवळ आणि खालच्या रांगांत ती सर्वांत जास्त असते. वरच्या मजल्यावर कोपऱ्याकडे सरकाल तशी ती उतरते आणि बऱ्याच ठिकाणी शून्य होते. म्हणून आधी विभागवार देणगीचा नकाशा उघडा आणि भावाचा तक्ता त्यानंतर बघा. मे २०२५पासून तिकीट विकणाऱ्यांनी सक्तीची शुल्कं धरून एकूण किंमत सुरुवातीलाच दाखवावी, असा संघराज्य पातळीवरचा नियम आहे. तरी शेवटच्या पानावरची रक्कम पाहिल्याशिवाय कार्डाचा नंबर टाकू नका.

हिशेब असा मांडा (आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या संघाचे घाला). घरचे १६ सामने, दर सामन्याला २५ डॉलर, म्हणजे दोन खुर्च्यांचे ८०० डॉलर. देणगी खुर्चीमागे ३००, म्हणजे ६००. हाताळणी शुल्क ३०. हंगामाचा पार्किंग पास १६०. एकूण १,५९० डॉलर. सोळाही सामने पाहिलेत तर जोडप्याला एक सामना साधारण ९९ डॉलरला पडला. पण सोळाही सामने कोण पाहतं? मंगळवारी रात्री नऊचा सामना, दुसऱ्या दिवशी ऑफिस, घरी लहान मूल. नऊ सामने पाहिलेत तर तोच खर्च सामन्यामागे १७७ डॉलरवर जातो.

"उरलेली तिकिटं विकू" या भरवशावर राहू नका. तुम्हाला जो सामना नकोसा वाटतो तो इतरांनाही नको असतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मोठे संघ बऱ्याचदा छोट्या विद्यापीठांना मानधन देऊन खेळायला बोलावतात. निकाल आधीच ठरल्यासारखा असतो, त्यातच विद्यार्थी सुट्टीवर गेलेले असतात. अशा चार सामन्यांची आठ तिकिटं २० डॉलरने विकली आणि पुनर्विक्रीच्या ॲपने १५ टक्के कापून घेतले, तर हातात १३६ डॉलर येतात. सामन्याचा खर्च १७७वरून जेमतेम १६२वर उतरतो.

आमचा सल्ला: पहिल्या वर्षी सुटी तिकिटं घ्या किंवा चार-पाच सामन्यांचा छोटा संच मिळत असेल तर तो घ्या. आपण खरोखर किती वेळा जातो ते मोजा आणि मग ठरवा.

प्रश्न: मग आमच्या भागात देणगी न देता चांगली खुर्ची कुठे मिळेल? – डरहम, नॉर्थ कॅरोलायना

तुम्ही राहता तिथे पर्यायांना तोटा नाही. चॅपल हिलमधल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं बास्केटबॉल सभागृह, डीन स्मिथ सेंटर, सुमारे २१,७५० खुर्च्यांचं आहे. एवढ्या जागा असून पुढच्या रांगा मिळत नाहीत याचं कारण इतिहासात आहे. १९८६मध्ये उघडलेली ही इमारत खासगी देणग्यांतून उभी राहिली आणि मोठ्या देणगीदारांना चांगल्या खुर्च्यांचे दीर्घ मुदतीचे हक्क मिळाले. डरहममधल्या ड्यूक विद्यापीठाच्या कॅमेरॉन इनडोअर स्टेडियममध्ये अडचण जागेची आहे: खुर्च्या ९,३१४, आणि त्यांतला मैदानाला चिकटलेला भाग विद्यार्थ्यांचा. अशा ठिकाणी प्रायॉरिटी पॉइंटवर क्रम लागतो. आजवरची एकूण देणगी, सलग किती वर्षं दिलीत, माजी विद्यार्थी आहात का, अशा गोष्टींचे पॉइंट असतात. क्रम इतरांच्या तुलनेत लागत असल्यामुळे तुमचे पॉइंट वाढले तरी पुढच्याचे जास्त वाढले तर तुम्ही मागेच राहता.

पण त्याच कॅमेरॉनमध्ये ड्यूकचा महिला संघही खेळतो आणि ती तिकिटं पुष्कळ स्वस्त असतात. रॅलेमध्ये एनसी स्टेटचा (नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाचा) महिला संघ जुन्या रेनल्ड्स कोलिझियममध्ये खेळतो. २०२४मध्ये या विद्यापीठाचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ फायनल फोरला, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीला, पोचले होते, तेव्हा दर्जाची शंका नको. तुमच्या डरहममध्येच नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल विद्यापीठही आहे. लहान सभागृह, खेळाडूंच्या बुटांचा आवाज ऐकू येईल इतकं जवळून. मुलांना खेळ दाखवायचा असेल तर आम्ही हेच निवडू.

महिलांची तिकिटं नेहमीच सहज मिळतील असं मात्र धरून चालू नका. गाजलेली खेळाडू केटलिन क्लार्क हिच्या कॉलेजातल्या शेवटच्या वर्षी, २०२३-२४ला, आयोवाच्या महिला संघाची सगळी सीझन तिकिटं हंगामाआधीच संपली होती.

प्रश्न: देणगीवर कर सवलत मिळते ना? – न्यू जर्सी

आता नाही. २०१७पर्यंत तिकिटाच्या हक्कासाठी दिलेल्या देणगीच्या ८० टक्के रकमेची वजावट घेता येत असे. २०१७च्या करकायद्याने ती २०१८पासून बंद केली. जुने चाहते अजूनही "टॅक्समध्ये सुटतं" असं सांगतात, ऐकू नका. खुर्चीशी संबंध नसलेली देणगी वेगळी, तिची पावतीही वेगळी मागून घ्या. तिकीट घेतल्यापेक्षा जास्त भावाने विकलंत तर नफा करपात्र आहे. कमी भावाने गेलं तर तो तोटा मात्र वजा करता येत नाही.

प्रश्न: आम्ही चार कुटुंबं मिळून दोन खुर्च्या घेणार आहोत. भांडणं होऊ नयेत म्हणून काय करावं? – इंडियानापोलिस

कल्पना उत्तम आहे, फक्त सगळं आधी लिहून ठेवा. सामने वाटून घेण्याची चांगली रीत नागमोडी. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा. पहिल्या फेरीत १-२-३-४ या क्रमाने प्रत्येकाने एक सामना निवडायचा, दुसऱ्या फेरीत उलट ४-३-२-१, तिसरी पुन्हा सरळ, चौथी उलट. १६ सामने असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला चार. पहिला मोठा सामना घेणाऱ्याला दुसरा थेट आठव्या क्रमांकावर मिळतो, त्यामुळे पैसे समान वाटले तरी कुणाची तक्रार राहत नाही.

तारखा सगळ्या जाहीर झाल्यावरच वाटणी करा. वेळ मात्र टीव्ही वाहिन्यांच्या सोयीने नंतरही बदलते, तेव्हा "माझा शनिवार दुपारचा होता" हा वाद ग्राह्य नाही, हेही कागदावर येऊ द्या.

खरी गोम पुढे आहे. खातं एकाच्याच नावावर असतं. पॉइंट त्याचे, नूतनीकरणाचा हक्क त्याचा, आणि कार्डावर आपोआप नूतनीकरण चालू असेल तर पैसेही त्याचेच कापले जातात. तो उद्या टेक्सासला गेला तर खुर्च्या कुणाच्या? खातं दुसऱ्याच्या नावावर करायला अनेक विद्यापीठं फक्त पती-पत्नींनाच परवानगी देतात. म्हणून पैसे भरण्याआधी तिकीट कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. नूतनीकरणाची मुदत साधारण वसंत ऋतू ते उन्हाळ्यात असते. ती चुकली की खुर्ची पुढच्याला जाते आणि तुम्ही रांगेच्या शेपटाला.

तिकिटं फोनवरच येतात. सामन्याच्या दोन दिवस आधी ज्याची पाळी त्याला ॲपवरून पाठवा. समोरच्याने स्वीकारल्यावर ती तुम्हाला परत ओढून घेता येत नाहीत, त्यामुळे ईमेल पत्ता दोनदा तपासा. दारापाशी हजारो फोन एकदम चालू असतात आणि नेटवर्क बसतं, म्हणून तिकीट घरूनच फोनच्या वॉलेटमध्ये टाकून निघा. पार्किंगचा पास पाठवायला सगळे विसरतात.

प्रश्न: मुलगा एमएससाठी गेला आहे. तो विद्यार्थ्यांचा पास घ्यायचा म्हणतो. एवढा खर्च करू द्यावा का? – पुणे

आधी त्याला फीची पावती नीट वाचायला सांगा. काही विद्यापीठांत खेळांचं शुल्क विद्यार्थी फीमध्येच असतं आणि तिकीट वेगळं घ्यावं लागत नाही. इतर ठिकाणी विद्यार्थ्यांचा पास विकत मिळतो, पण त्यात देणगी नसल्याने बाहेरच्या भावाशी त्याची तुलनाच नाही. तोटा होतो तो पास घेऊन न गेल्याने. अनेक ठिकाणी तिकीट मागून गैरहजर राहिलं की पुढच्या मोठ्या सामन्याला क्रम घसरतो.

ड्यूकला पदव्युत्तर विद्यार्थी सत्राच्या सुरुवातीला एक शनिवार-रविवार उघड्यावर मुक्काम ठोकतात. रात्री-अपरात्री भोंगा वाजवून हजेरी घेतात. त्यात टिकलेल्यांची सोडत निघते, आणि जिंकलेल्यांना मिळतो तो सीझन तिकीट विकत घेण्याचा हक्क. तिकिटाचे पैसे वेगळेच.

एक इशारा: विद्यार्थी तिकीट त्याच्या ओळखपत्राला जोडलेलं असतं. ते बाहेरच्याला विकलं तर पास रद्द होऊ शकतो, प्रकरण शिस्त समितीकडेही जाऊ शकतं. चार पैशांसाठी या भानगडीत पडू नये. आणि मुंबईकर पालकांनी याला लोकलचा पासही समजू नये. हा पास फक्त घरच्या मैदानावर चालतो. कॉन्फरन्सची (विद्यापीठांच्या गटाची) स्पर्धा आणि मार्चमधली राष्ट्रीय स्पर्धा यांची तिकिटं वेगळी.

प्रश्न: हे भाव वाढतच का चाललेत? – शिकागो

कारण आता खेळाडूंनाही पैसे द्यावे लागतात. खेळाडूंच्या दाव्यात जून २०२५मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार एका विद्यापीठाने आपल्या सगळ्या खेळाडूंना मिळून वाटायच्या रकमेची मर्यादा २०२५-२६साठी सुमारे २.०५ कोटी डॉलर ठरली. हा पैसा कुठून तरी उभा करायचा आहे. टेनेसीने तर त्याआधीच, २०२४मध्ये, अमेरिकन फुटबॉलच्या सीझन तिकिटांवर दहा टक्के "टॅलेंट फी" जाहीर केली होती. तुमच्या बिलात अशी नवी ओळ दिसली तर तिकीट कार्यालयाला एकच विचारा: ही रक्कम पॉइंटसाठी धरता का? धरत नसतील तर तुमच्या दृष्टीने ती निव्वळ भाववाढ.