पगाराचा पैसा द्या, पण रुग्णालयाच्या हातून

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात माध्यमिक शिक्षक आहे. माझ्या मुलाला सहाव्या वर्षी ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झाला. एका धर्मादाय रुग्णालयात उपचार झाले, आता तो बरा आहे आणि शाळेत जातो. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "मुलं आहेत, औषधं आहेत, क्लिनिकल ट्रायलची, म्हणजे उपचारांच्या चाचणीची, मंजुरीही आहे. नोंदी ठेवणारं माणूस नाही, म्हणून आम्ही दोनच ट्रायल चालवतो." अशा माणसाचा, म्हणजे ट्रायल कोऑर्डिनेटरचा, पगार महिना ३५ हजार धरला तर दोन वर्षं चालेल एवढी रक्कम उभी करायची, असं आम्ही सहकारी आणि गावकऱ्यांनी ठरवलं. ११ लाख २० हजार जमलेत. ते आम्हा तिघांच्या संयुक्त बचत खात्यात आहेत. संस्था नोंदवलेली नाही. आता रुग्णालयाच्या विभागातून निरोप आलाय की नेमायच्या मुलीच्या खात्यावर तुम्हीच दरमहा पैसे टाका, म्हणजे लवकर काम सुरू होईल. आमच्यातल्या काहींना वर्षाला किमान अमुक इतकी मुलं ट्रायलमध्ये घ्यावीत आणि आपल्या तालुक्यातल्या मुलांना प्राधान्य द्यावं, अशी अट घालायची आहे. माझा भाचा अमेरिकेचा नागरिक आहे. तिकडे सेंट बाल्ड्रिक्स फाउंडेशन अशाच कामासाठी अनुदानं देते असं तो सांगतो, आणि स्वतःही डॉलर पाठवायला तयार आहे. रुग्णालयाच्या मसुद्यात आमचा उल्लेख 'ट्रायलचे स्पॉन्सर' असा आहे. उद्या एखाद्या मुलाला काही झालं, तर आम्ही कोर्टात उभे राहणार का?

उत्तर : सर, नमस्कार.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तुमची झोप त्यानेच उडालेली दिसते. मसुदा आहे तसा सही केलात, तर धोका खरा आहे. तो एक उल्लेख बदलून घेतलात आणि खाली सांगतो तसा करार केलात, तर ट्रायलमधल्या वैद्यकीय जबाबदारीशी तुमचा संबंध राहत नाही.

आपल्याकडे औषधांच्या ट्रायल 'नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९' नुसार चालतात. या नियमांत स्पॉन्सर म्हणजे फक्त पैसे देणारा नव्हे. ट्रायल सुरू करण्याची आणि चालवण्याची जबाबदारी ज्या व्यक्तीने, कंपनीने किंवा संस्थेने घेतली, ती स्पॉन्सर. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई, मृत्यू ट्रायलमुळे झाला असं ठरलं तर वारसांना भरपाई, हा सगळा भार नियमांनी स्पॉन्सरवर टाकलेला आहे. रुग्णालयातल्या ज्या कोणी तो मसुदा लिहिला, त्यांनी क्रिकेट स्पर्धेला असतात तशा अर्थाने तुम्हाला स्पॉन्सर म्हटलं असणार. त्यांचा हेतू वाईट नाही. पण पुढे वाद झाला तर कागद वाचला जातो, हेतू नाही.

ही गोष्ट तुम्हाला स्वतः तपासता येईल. प्रत्येक ट्रायलची नोंद 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया'वर करावी लागते. ती कुणालाही मोफत पाहता येते. डॉक्टरबाईंकडून त्यांच्या ट्रायलचा नोंदणी क्रमांक घ्या आणि पान उघडा. तिथे 'प्रायमरी स्पॉन्सर' आणि 'आर्थिक वा वस्तुरूप साहाय्याचा स्रोत' असे दोन वेगळे रकाने असतात. पहिल्या रकान्यात रुग्णालय, संशोधन गट किंवा कंपनी यांचं नाव हवं. तुमचं नाव कुठे यायचंच असेल तर दुसऱ्या रकान्यात येऊ दे, पहिल्यात कधीही नाही. करारातही 'संशोधन विभागातील पदासाठी देणगीदार' एवढाच उल्लेख ठेवायला लावा.

तुम्ही निवडलेलं काम फार मोलाचं आहे, हे मी मनापासून सांगतो. मुलांच्या कर्करोगातल्या बऱ्याच ट्रायलमागे औषध कंपनी नसते. 'आयसिकल' नावाची ल्युकेमियाची ट्रायल पाहा. मुंबईचं टाटा, दिल्लीचं एम्स, चंडीगडचं पीजीआय, चेन्नईचं अड्यार आणि कोलकात्याचं टाटा मेडिकल सेंटर अशी केंद्रं त्यात एकत्र आली. औषधं जुनीच. सुरुवातीच्या टप्प्यात स्टेरॉइड कमी आठवडे दिलं तर मूल तितकंच सुरक्षित राहील का आणि त्रास कमी होईल का, असे प्रश्न त्यात होते. असल्या प्रश्नांत कुणाला नफा नाही, म्हणून माणसं नेमायला पैसाही नाही. आणि माणसाशिवाय ट्रायल चालत नाही. गंभीर दुष्परिणाम दिसला की २४ तासांत कळवावा लागतो, प्रत्येक डोसची तारीख फॉर्मवर चढवावी लागते, संमतीपत्राची योग्य आवृत्ती योग्य दिवशी वापरली का ते पाहावं लागतं, गावी गेलेलं मूल पुढच्या तारखेला आलं नाही तर फोन लावावा लागतो. डॉक्टर रात्री अकराला हे करत बसले तर चुका होतात, म्हणून दोनाच्या तीन ट्रायल करायला ते धजावत नाहीत.

आता दरमहा त्या मुलीच्या खात्यावर पैसे टाकण्याबद्दल. हे करू नका. पगार तुम्ही दिलात की मालक कोण, हा प्रश्न उभा राहतो. रजा कोण मंजूर करणार, चूक झाली तर जाब कोण विचारणार, पीएफ कुणी भरायचा? शिवाय ट्रायलमध्ये प्रमुख संशोधक आपल्या हाताखालच्या प्रत्येकाला कोणतं काम सोपवलं, याची सहीनिशी नोंद ठेवतात. ज्या व्यक्तीचा पगार बाहेरचे तीन गृहस्थ देतात, तिच्यावर रुग्णालयाचा ताबा कितपत, असं कुठलाही तपासनीस विचारेल. भाच्याने सांगितलेल्या अमेरिकन संस्थेचं अनुदानही रुग्णालयाला मिळतं, नेमणूक रुग्णालय करतं. तुम्हीही तसंच करा. रुग्णालय चालवणाऱ्या न्यासाच्या नावे धनादेश द्या, नेमणूकपत्र रुग्णालयाने द्यावं आणि करारात व्यक्तीचं नाव न घालता पदाचं वर्णन घाला. ती मुलगी सहा महिन्यांत सोडून गेली तरी पद राहील.

रकमेचा हिशेबही एकदा नीट मांडा. ३५ हजारांनी २४ महिन्यांचे ८ लाख ४० हजार होतात, पण खर्च तिथे थांबत नाही. पीएफमधला मालकाचा वाटा, दुसऱ्या वर्षीची वाढ आणि ग्रॅच्युइटी धरावी लागेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्यानुसार मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्यालाही एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी मिळते, पाच वर्षं थांबावं लागत नाही. या पदांवर बहुतेक तरुण मुली असतात, तेव्हा २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आणि त्या काळात बदली माणूस, हेही गृहीत धरा. प्रसूती रजेची वेळ आली नाही तर तुमची रक्कम पुरेल, पण या गोष्टी आत्ताच करारात आल्या नाहीत तर ऐनवेळी रुग्णालय त्या तुमच्याकडे मागेल किंवा त्या मुलीला नाकारेल. दोन्ही नको.

अटींबद्दल मी थोडं कठोर बोलणार आहे. मुलांच्या संख्येची अट घालू नका. निदान कळलं त्या दिवशी त्या खुर्चीत तुम्ही स्वतः बसला होतात. समोरचा माणूस ट्रायलबद्दल समजावत असताना त्याच्या पगाराचा पुढचा हप्ता तुमच्या होकारावर अवलंबून असता, तर? आई-बापाची संमती मोकळी असली पाहिजे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात वर्षांवरच्या मुलाला त्याला कळेल अशा भाषेत सांगून त्याचाही होकार घ्यावा लागतो, बारा वर्षांवरच्याचा लेखी. हे सगळं वेळ घेऊन, दबावाशिवाय करण्यासाठीच तर तुम्ही माणूस देताय. त्याऐवजी कामाचा दर्जा मागा. नोंदी वेळेत पूर्ण झाल्या का, दुष्परिणामांचे अहवाल २४ तासांत गेले का, तपासणीत काय त्रुटी निघाल्या, ट्रायल किती झाल्या. विचारलेल्या सगळ्या कुटुंबांनी नकार दिला, तरी त्या कोऑर्डिनेटरने आपलं काम चोख केलेलं असू शकतं.

तालुक्यातल्या मुलांना प्राधान्य देता येणार नाही. ट्रायलमध्ये कोण बसतं हे आराखड्यात लिहिलेलं असतं आणि एथिक्स कमिटीने, म्हणजे ट्रायलची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीने, ते मंजूर केलेलं असतं. देणगीदाराला त्यात बोट घालता येत नाही. तुमच्या लोकांची तळमळ खरी आहे, तिला वेगळी वाट काढा. उरलेल्या रकमेतून किंवा पुढच्या वर्गणीतून तुमच्या भागातल्या आजारी मुलांच्या प्रवासाचा आणि पालकांच्या राहण्याचा खर्च द्या. मूल ट्रायलमध्ये असो वा नसो, तो द्या. अहवालात मुलांची नावं किंवा गावं मागू नका. छोट्या गावात 'आठ वर्षांचा मुलगा, अमुक वाडी' एवढ्यावरूनही ओळख पटते.

आता तुमच्या खात्याची गोष्ट. ती तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला सगळ्यात तातडीची वाटते. नोंदणीकृत न्यास नसलेल्या कुणालाही धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क नुसार धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणपती मंडळं दरवर्षी घेतात तीच. तुम्ही ती घेतलेली नाही. घाबरू नका, पण वर्गणी आजच थांबवा. कुणी किती दिले, कधी, रोख की बँकेतून, अशी यादी तिघांच्या सह्यांनी तयार करा आणि स्थानिक वकिलाला घेऊन सांगलीच्या कार्यालयात स्वतःहून जा. प्राप्तिकराचाही प्रश्न आहे. नातेवाइकांव्यतिरिक्त इतरांकडून वर्षाला ५० हजारांवर मिळालेली रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाऊ शकते. हा पैसा तुमचा नाही, तुम्ही तो एका कामासाठी सांभाळताय, हे दाखवायला तीच यादी आणि लवकर सुरू केलेलं हस्तांतरण उपयोगी पडेल. म्हणून करार आणि पहिला हप्ता यांसाठी आर्थिक वर्ष उलटू देऊ नका.

यासाठी नवा न्यास काढावा का, असं कुणी सुचवेल. दोन वर्षांच्या एका पदासाठी माझं मत नाही असंच आहे. दरवर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की बदल अर्ज, हे सगळं तुमच्या मागे लागेल. रुग्णालयाच्या न्यासाकडे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी ८०-जी मान्यता असेल, तर यापुढे देणाऱ्यांनी थेट त्यांच्याच नावे धनादेश द्यावेत, पावतीवर या पदाचा उल्लेख करून घ्यावा. दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही, आणि ज्यांनी नवी करप्रणाली निवडली आहे त्यांना ही सवलत मिळतच नाही. नोकरदार सहकाऱ्यांना हे आधी सांगा.

करार ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करा. शंभराचा आता चालत नाही. रक्कम एकदम न देता सहामाही हप्त्यांनी द्या, पहिला हप्ता आगाऊ. रुग्णालयाने या पैशासाठी हिशेबात स्वतंत्र शीर्ष ठेवावं आणि प्रत्येक हप्त्यानंतर पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचं, सीएच्या सहीचं विनियोग प्रमाणपत्र द्यावं, पुढचा हप्ता ते आल्यावरच. पद तीन महिन्यांहून अधिक रिकामं राहिलं तर उरलेल्या पैशाचं काय, ते स्पष्ट लिहा. याच विभागातल्या संशोधन नर्ससाठी किंवा समाजसेविकेसाठी तुमच्या लेखी संमतीने वापरावा, असं मी सुचवेन. नेमणूक, वैद्यकीय निर्णय, मुलांची निवड आणि भरपाई यांची जबाबदारी पूर्णपणे रुग्णालयाची, आणि त्यातून तुमच्यावर दावा झालाच तर खर्च रुग्णालय सोसेल, हे कलम कुणी गाळू म्हणालं तरी गाळू नका. एथिक्स कमिटीचा नोंदणी क्रमांक करारात घाला आणि या निधीची माहिती कमिटीला लेखी दिल्याचं पत्र जोडून घ्या.

भाच्याचे डॉलर तुमच्या खात्यात येता कामा नयेत. तो परदेशी नागरिक आहे, त्यामुळे ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं) कार्ड असलं तरी परकीय अंशदान नियमन कायदा, २०१० खाली तो परकीय स्रोत ठरतो. नातेवाइकांना दिलेल्या सवलतीत आई-वडील, मुलं, भावंडं येतात, भाचा येत नाही. आधी मामाला भेट म्हणून आणि मग मामाकडून रुग्णालयाला, हा मार्गही घेऊ नका. या कायद्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. रुग्णालयाकडे याच कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए, नोंदणी आहे का ते विचारा. असेल तर त्याने थेट त्यांच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात पैसे पाठवावेत. परकीय पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवायला २०२० च्या दुरुस्तीने बंदी आहे, तेव्हा मधे कुणीही नको. रुग्णालयाकडे नोंदणी नसेल, तर त्याचा पैसा तूर्त घेऊ नका. त्याचा एखादा मित्र तिकडे राहत असूनही भारतीय नागरिक असेल, तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परकीय अंशदान ठरत नाही. मात्र पासपोर्टची प्रत रुग्णालयाकडे द्यावी.

सुधारलेला मसुदा, वर्गणीची यादी आणि रुग्णालयाच्या न्यासाचा नोंदणी उतारा हाती आला की माझ्याकडे पाठवा. सही त्यानंतरच करा. तोवर संयुक्त खात्यातून तिघांच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत, अशी सूचना बँकेला लेखी देऊन पोच घ्या.