काळ्या मातीतली घरची फळबाग: खड्डा नको, वरंबा करा

प्रश्न: इंदूरला राऊच्या बाजूला आमच्या घरामागे ४० बाय ३० फूट जागा आहे, माती काळी. आंबा, चिकू, लिंबू, पेरू, डाळिंब, सीताफळ सगळंच लावायचं मनात आहे. गेल्या जुलैत तीन फुटी खड्ड्यात शेणखत भरून लिंबू लावलं होतं. रोज पाणी घालूनही भाद्रपदात पिवळं पडून मेलं. असं का झालं?

उत्तर: तुमचं लिंबू बुडून मेलं. माळव्यातली काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली उतरू देत नाही. अशा जमिनीत खोल खड्डा घेऊन भुसभुशीत खत भरलं, की आजूबाजूचं पाणी त्यात जमतं आणि पावसाळाभर तिथे हौद होऊन राहतो. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. पानं पिवळी दिसली की आपण आणखी पाणी घालतो. तीन फुटी खड्डा मुरमाड जमिनीत ठीक. आजोबा कोकणातून आलेले असतील तर त्यांचा आग्रह असणारच, पण इथे नको.

आधी जमीन पारखून घ्या. मे महिन्यात फूटभर खोल खड्डा करून पाण्यानं भरा. पहिलं पाणी भेगांतून झटकन जातं, त्यावर विसंबू नका. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच असेल, तर वरंब्याशिवाय, म्हणजे मातीच्या उंच लांबट गादीशिवाय, गत्यंतर नाही. दीड फूट उंच, चार फूट रुंद वरंबे करा. मातीत कुजलेलं शेणखत आणि थोडा बारीक मुरूम मिसळा. मधल्या चरातलं पाणी उताराच्या बाजूनं बाहेर निघालं पाहिजे. जुनं लिंबू मेलं तिथे पुन्हा लिंबू लावू नका.

कुंपणापासून पाच फूट सोडून दहा-दहा फुटांवर कागदावर बारा झाडं मावतात. मी सहाच सांगेन: दोन पेरू (एल-४९ किंवा अलाहाबाद सफेदा जातीचे), दोन सीताफळं, एक कागदी लिंबू आणि एक आम्रपाली आंबा. आम्रपाली दशहरी आणि नीलमच्या संकरातली ठेंगणी जात आहे, छाटणीत आवरते. हापूसचा हट्ट धरू नका. चिकू पुढे सगळं अंगण व्यापतो, शिवाय त्याच्या लहान रोपाला इथली पौष-माघातली थंडी झोंबते. भारी, म्हणजे अशा चिकण काळ्या जमिनीत डाळिंबाला मर रोगाची (झाड सुकून मरतं) धास्ती.

एक-दोन चांगल्या पावसांत वरंबा बसू द्या, मग लागवड करा. कलमाचा जोड मातीच्या वर चार-सहा बोटं राहू द्या. जोडाखालून फुटलेले धुमारे दिसले की खुडा, ते खुंटाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या झाडाचे असतात. पाण्याचं आळं खोडापासून लांब ठेवा, खोडालगत मातीची भर असू द्या. पाणी वेळापत्रकानं देऊ नका: खुरप्यानं चार बोटं खालची माती काढून मुठीत दाबा, गोळा झाला तर त्या दिवशी पाणी नको.

पेरूची पहिली दोन वर्षं फुलं काढून टाका. पुढे आंबे बहाराची (उन्हाळ्याच्या तोंडावर येणारी, पावसाळ्यात पिकणारी) फुलंही झाडून टाका, एप्रिल-मेमध्ये पाणी तोडा आणि मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीची फुलं, हिवाळ्यात फळं) धरा. पावसाळ्यात पिकणाऱ्या पेरूंत फळमाशीच्या अळ्या फार. हिवाळ्यातला माल निर्मळ निघतो आणि गोडही असतो.