पहिली प्रिंट त्यांच्या हातात

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची सामानाची यादी मिळाली. तीन महिने टोकियोत राहून शिंजुकूच्या काबुकीचो भागातील रात्रीच्या धंद्यांवर छायाचित्रमालिका करण्याचा तुझा बेत मला मनापासून आवडला. यादीत कमी उजेडात चालणारा कॅमेरा आहे, आवाज न करणारे शटर आहे, जास्तीच्या बॅटऱ्या आहेत. मात्र काढलेल्या फोटोंच्या प्रिंट तिथे कुठे करून घेणार, याचा त्यात कुठेच उल्लेख नाही. हे पत्र त्या राहून गेलेल्या गोष्टीसाठी आहे.

१९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कात्सुमी वातानाबे नावाचे छायाचित्रकार याच गल्ल्यांतून रात्ररात्र हिंडत असत. आपल्याकडच्या जत्रेतल्या फोटोवाल्यासारखा त्यांचा व्यवसाय होता. याकुझा म्हणजे गुंडटोळ्यांतली माणसे, बारमधल्या मुली, स्त्रीवेशातले पुरुष अशा कोणाचाही फोटो ते त्या माणसाच्या इच्छेनुसार काढत आणि पुढच्या खेपेस तीन प्रिंट २०० येनला विकत. त्यावरच त्यांचे पोट होते. ती छायाचित्रे सावकाश पाहा. माणसे कोट सारखा करून, केस नीट बसवून थेट भिंगात पाहत उभी आहेत, कारण हा फोटो आपल्याच हातात येणार आहे हे त्यांना ठाऊक होते.

त्याच शहरात १९७०च्या दशकात कोहेई योशियुकी यांनी इन्फ्रारेड फिल्म आणि फ्लॅश वापरून रात्रीच्या बागांतील जोडपी, आणि झुडपांआडून त्यांच्याकडे सरकणारे बघे टिपले. १९७९च्या प्रदर्शनात दालनात अंधार ठेवून प्रेक्षकांच्या हाती विजेऱ्या दिल्या होत्या, म्हणजे पाहणाराही चोरून पाहणाऱ्यांत सामील व्हावा. छायाचित्रणाच्या इतिहासात त्या कामाचे मोल मोठे आहे, हे मी मान्य करतो. तरीही त्या गवतावरच्या जोडप्यांना कोणी विचारले नव्हते, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही, आणि तू त्या वाटेने जावेस असे मला वाटत नाही.

हे मी माझ्या चुकीवरून सांगतो आहे. तरुणपणी कामाठीपुऱ्यात मी एका बाईचा फोटो काढला होता. खिडकीच्या गजांवर टेकलेला तिचा हात तेवढा चौकटीत होता; चेहरा वगळला म्हणजे आपण जबाबदारीने वागलो, अशी माझी समजूत होती. एका साप्ताहिकाने तो छापला आणि मनगटावरच्या गोंदणावरून गावातल्या तिच्या भावाने तिला ओळखले. मी पुन्हा गेलो तेव्हा ती खोली रिकामी होती. तिथे तू ज्यांना भेटशील त्यांची कामापुरती घेतलेली नावे असतात, त्यांना ‘गेंजिना’ म्हणतात. फोटोखाली तेवढेच नाव लिही, खरे नाव विचारूसुद्धा नकोस. आणि रंगवलेली नखे, फोनला लटकवलेली बाहुली, खिडकीतून दिसणारी दुकानाची पाटी, या सगळ्यांकडे माझ्यापेक्षा जास्त बारकाईने पाहा.

निऑनच्या पाट्या सगळेच टिपतात. तू पैशाचा माग काढ. होस्ट क्लबमध्ये तरुण मुलगे स्त्री-गिऱ्हाइकांशी गोड बोलून महागडी दारू मागवून घेतात. शॅम्पेन उघडली की सगळे होस्ट टेबलाभोवती जमून एका सुरात घोष करतात, आणि त्या क्षणी कॅमेरा उचलण्याचा मोह आवरत नाही. बिल मात्र ‘उरिकाके’ म्हणजे उधारीवर चढत जाते आणि ते फेडण्यासाठी काही मुली जवळच्या ओकुबो पार्कच्या कडेला गिऱ्हाइकाची वाट पाहत उभ्या राहतात. गिऱ्हाइकाच्या प्रेमभावनेचा फायदा घेऊन खर्च करायला लावणे आणि उधारीपायी देहविक्रीकडे ढकलणे, या दोन्हींना जून २०२५मध्ये अमलात आलेल्या कायद्यातील दुरुस्तीने मनाई केली आहे. त्या पार्कपाशी मुलींवर मोबाइल रोखून उभे राहणारे बघे असतात; त्यांत तुझी भर नको. दिवसा जा, कॅमेरा पिशवीत ठेव आणि आधी बोल.

संमतीच्या बाबतीत २०२२चा एक जपानी कायदा तू मुळातून वाचावास. प्रौढांच्या चित्रफितींसाठी करार झाल्यावर एक महिना चित्रीकरण करता येत नाही, चित्रीकरणानंतर चार महिने ते प्रसिद्ध करता येत नाही आणि प्रसिद्धीनंतरही वर्षभर कोणतेही कारण न देता करार मोडता येतो. आपले काम थांबले म्हणून त्या व्यवसायातल्या अनेकींनी या कायद्याला विरोधही केला, तोही नीट समजून घे. तुझ्या मालिकेला हा कायदा लागू नाही, तरी चार महिन्यांची अट तू स्वतःला घालून घ्यावीस असे मला वाटते. रात्री दोन वाजता, दोन पेले पोटात गेल्यावर, हसत दिलेला होकार चार महिन्यांनी पुन्हा विचारावा आणि नकार आला तर तो फोटो, कितीही सुंदर असला तरी, मालिकेतून काढावा. संपादक घाई करतील. त्यांना ही अट आधीच लेखी कळव.

प्रिंटसाठी फार शोधावे लागणार नाही. चोवीस तास उघड्या असणाऱ्या ‘कोंबिनी’ दुकानांतल्या यंत्रावर पहाटेही फोटो छापून मिळतो. सोबत कोरी पाकिटे ठेव आणि पहिला आठवडा फक्त दिलेल्या वेळी प्रिंट घेऊन परत जाण्यात घालव. पहिली प्रिंट कोणाला दिलीस आणि ती पाहून ती व्यक्ती काय म्हणाली, ते मला सविस्तर लिही.

तुझा,
काका