वाचकांचे प्रश्न : ढोबळी तोडायला रोबो घ्यावा का?

प्रश्न : वीस गुंठ्यांच्या पॉलिहाऊसमध्ये रंगीत ढोबळी आहे. कापूस वेचणी सुरू झाली की तोडणीला मजूर मिळत नाहीत. रोबो परवडेल का? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : सध्या नाही. युरोपातल्या ‘स्वीपर’ या ढोबळी तोडणाऱ्या रोबोची २०१८ मध्ये हरितगृहात चाचणी झाली. कॅमेरा फळाचा रंग आणि अंतर ओळखतो, सहा सांध्यांचा हात देठापाशी जातो आणि थरथरणारं पातं देठ कापतं. एका फळाला सरासरी २४ सेकंद लागले, म्हणजे तासाला फार तर १५० प्रयत्न. नेहमीच्या पिकात त्याला १८ टक्केच फळं तोडता आली. आड येणारी पानं आणि फळांचे घोस आधी काढले तेव्हा ६१ टक्के. आता ती पानं काढायला मजूर कुठून आणणार?

तुमच्याकडे अडचण आणखी वाढते. गादीवाफ्यावर नागमोडी दोन ओळी असतात, त्यामुळे आतल्या बाजूची फळं खोडाआड जातात. तिकडे हरितगृह गरम ठेवणारे पाइपच गाडीचे रूळ होतात, आपल्याकडे वाट मातीची. शिवाय एकच पातं झाडाझाडांतून फिरलं तर टोबॅमो गटातले विषाणू रसाबरोबर पसरतात.

पैसा रुळांवरच्या बॅटरी ट्रॉलीत घाला. क्रेट वाहण्यात जाणारा वेळ वाचला की तेवढ्याच माणसांत जास्त तोडणी होते. वाट ६० सेंटिमीटर असेल तर ट्रॉली ४५ च्या आतली घ्या. दीड इंची जीआय पाइपच्या दोन समांतर ओळी टाकून दर दीड मीटरवर सिमेंटचा ठोकळा द्या. ठोकळ्याखाली मुरूम ठोकून घ्या. ठिबकच्या ओलीने माती बसते, एक पाइप खचतो आणि भरली ट्रॉली झाडांवर कलंडते. वेल्डिंगचे सांधे घासून सपाट करा. ओळ बदलायला वाफ्यांच्या टोकाशी काँक्रीटची पट्टी लागेलच.

लागवडही थोडी सरकवा. ऑगस्टच्या रोपांची रंगीत फळं ऐन वेचणीत, नोव्हेंबरात येतात. सप्टेंबरअखेर लावलीत तर तोडा डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होईल.

प्रश्न : अशा ट्रॉलीची बॅटरी उन्हाळ्यात टिकेल का? (एक वाचक, यावल)

उत्तर : लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि मे महिन्यात दुपारी पॉलिहाऊस त्याच्या पुढे जातं. बॅटरी काढून रात्री बाहेर, हवेशीर जागी चार्ज करा.