आई माझ्यावरच का चिडते?

प्रश्न : आईला स्तनाचा कर्करोग आहे. दुसऱ्या केमोनंतर ती डॉक्टरांसमोर गप्प असते, माझ्यावर मात्र डाफरते. काय करू? – एक मुलगी, सातारा

सिस्टरताईंचं उत्तर : अगं, राग हक्काच्या माणसावरच निघतो. वॉर्डात आम्हा नर्सवरही निघतो. केस गळायला लागले की बायका उशी झटकत बसतात, कुणाशी बोलत नाहीत. तेव्हा मी सलाइन बघायच्या निमित्तानं जवळ थांबते. ‘धीर धरा’ म्हणत नाही. ‘रात्री झोप लागली का?’ एवढंच विचारते. मग भीती हळूहळू बोलण्यात येते. आणि हो, उलटीसाठी देतात त्या डेक्सामेथासोननंही झोप उडते, चिडचिड वाढते. गोळीची वेळ बदलता येईल का, हे सिस्टरमार्फत डॉक्टरांना विचार. ‘जगणंच नको’ म्हणाली, तर त्याच दिवशी सांग. १४४१६ वर मानसिक आरोग्याचा मोफत सल्लाही मिळतो.