मांजराची अर्धवट रानटी पिल्लं घरी आणली की लपून का बसतात? त्यांना आपला राग येतो का?

राग नाही, भीती. प्रश्नाचं उत्तर खरं तर इथेच संपलं. पण तुम्ही शेवटी लिहिलंय, "घरातले म्हणतात एकदा धरून मांडीवर बसवली की आपोआप सरळ होतील, तसं करू का?" ते वाचलं आणि गप्प बसवेना. शब्दन् शब्द हेच तीन वर्षांपूर्वी माझा दादा म्हणाला होता. त्यावरून आमचं जे बिनसलं ते अजून दर भेटीत एकदा तरी निघतंच.

तुमची दोन पिल्लं दहा आठवड्यांची, आठवडाभर कपाटामागे, हात नेला की फिस्कारतात, रात्री घर डोक्यावर घेतात. माझी थोडी लहान होती, पण बाकी सगळं हेच. बंद पडलेल्या गाडीच्या बॉनेटखाली वाढलेली, आई दिसेनाशी झालेली. एक केशरी बोका आणि एक काळी-पांढरी भाटी. बोका पहिल्या रात्री फिस्कारला, दुसऱ्या दिवशी माझ्या हातातलं खाल्लं आणि पाचव्या दिवशी मांडीत पालथा पडून झोपला. तिचं नाव ठेवलं होतं, पण ती त्याला ओ द्यायची नाही, म्हणून इथे नुसती 'ती'.

तिला पाहून मला आधी तुमच्यासारखंच वाटलं, की हिला माझा राग आलाय. डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या की डोळा सगळा काळाच दिसायचा, कान आडवे, अंग भिंतीला चिकटलेलं, आणि मी नुसती कूस बदलली तरी फिस्स. पुढे कळलं की रागाने चाल करून येणारं मांजर वेगळं दिसतं. फिस्कारणं म्हणजे "जवळ येऊ नकोस, मला पळायला जागा नाही" एवढंच. डोळे न उघडलेलं पिल्लूसुद्धा अनोळखी वास आला की फिस्कारतं. त्याचा कोणावर काय राग असणार?

खोलीत फुटाफुटाच्या फरशा होत्या. मी रोज दोन वेळा त्याच जागी भिंतीला टेकून, तिच्याकडे पाठ नाही पण तोंडही नाही अशी तिरकी बसायचे. वाटी ठेवायची आणि हाताला येईल ते मोठ्याने वाचत राहायचं, म्हणजे आवाजाची सवय होते. ती जेवताना माझ्यापासून किती फरशांवर आहे तो आकडा वहीत लिहायचे. पहिला आठवडा सात. सातच्या पुढे खोलीच नव्हती. बाराव्या दिवशी पाच, अठराव्या दिवशी तीन. एकविसाव्या दिवशी दोन, आणि त्या दिवशी खाऊन झाल्यावर ती पुढे येऊन माझ्या अंगठ्याचा वास घेऊन गेली. मी श्वास रोखून बसले होते.

बाविसाव्या दिवशी दादा आला.

दादाला कुत्र्यांचा अनुभव दांडगा आहे आणि त्याला वाटतं मांजर म्हणजे छोटा, हट्टी कुत्रा. त्याने माझी वही पाहिली, हसला, आणि मी आत गेले तेवढ्यात टॉवेल टाकून तिला कोपऱ्यात धरलं. बाहेर आले तर ती त्याच्या मांडीवर. अर्धा तास त्याने तिला सोडलं नाही. वरून मला म्हणतो, "बघ, पाच मिनिटांत शांत झाली. तू तीन आठवडे फरशा मोजतेस."

ती शांत झाली नव्हती, गोठली होती. पळता येत नाही आणि लढताही येत नाही, तेव्हा लहान जनावर असं पडून राहतं. बाहुल्या तशाच मोठ्या, श्वास भराभर, पुन्हा पुन्हा नाक चाटणं, आणि अंग लाकडासारखं. निवांत मांजराचं अंग तुमच्या हातात सांडतं, ते असं ताठ राहत नाही. दादाचा दुसरा पुरावा असा की ती गुरगुरत होती. मांजर सुखात गुरगुरतं हे खरं, पण घाबरलेलं आणि दुखणाऱ्या अंगाचंही गुरगुरतं. नुसत्या गुरगुरण्यावर काही ठरवू नका.

बाविसाव्या दिवसाचा आकडा वहीत नाही, कारण ती जेवलीच नाही. तेविसाव्या दिवशी सात. पुढचे दहा दिवस मी खोलीत असेपर्यंत ती वाटीकडे फिरकलीच नाही, मी बाहेर गेल्यावर खायची. कपाटामागे मुतायला लागली, जे पहिल्या दिवसापासून एकदाही केलं नव्हतं. पुन्हा दोनवर यायला सात आठवडे गेले. वही अजून आहे. दादाला दाखवली तर तो म्हणतो, आकडे तूच लिहिलेस.

आणि मग तो बोक्यावर येतो. "बोक्याला मी रोज उचलायचो. तो बघ कसा झाला." हे मात्र मी तेव्हा खोडू शकले नाही, आता खोडते.

पिल्लू माणसाळण्याचा सोपा काळ फार लवकर संपतो. 1980च्या दशकात अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी यावर बरंच काम केलं. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिल्लांना माणसाचा हात लागतो ती पुढे सहज माणसात येतात. नंतर दार बंद होत नाही, जड होतं. माझी दोन्ही त्या दाराच्या बाहेरच होती, मग एक आत कसं आलं? तर बहुधा बापामुळे. सँड्रा मॅक्यून यांचा 1995 सालचा अभ्यास आहे: धीट, माणसाळू बोक्याची पिल्लं अनोळखी माणसाजवळ लवकर जातात, अनोळखी वस्तूही लवकर हुंगतात. मांजरात बाप पिल्लांना सांभाळत नाही, त्यामुळे हे शिकवण्यातून येत नाही, रक्तातून येतं. आणि भाटीच्या एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. बोका पाचव्या दिवशी मांडीत झोपला होता, दादाचे पाय घराला लागायच्या सतरा दिवस आधी.

तुम्ही दोन्ही पिल्लांना संपूर्ण घर मोकळं दिलंत, तिथे चुकलंय. एक लहान खोली द्या. कपाटामागची, पलंगाखालची फट बुजवा, पण लपायची जागा काढून घेऊ नका. दोन बाजूंना भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका ठेवा. नेदरलँड्समध्ये निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांवर प्रयोग झाला, 2014 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना लपायला खोका दिला ती लवकर सावरली. लपण्याची सोय असेल तर मांजर बाहेर जास्त येतं. हे ऐकायला उलटं वाटतं, पण करून बघा.

अन्न दिवसभर पसरून ठेवू नका. वेळेवर द्या आणि तिथेच बसा. भुकेपेक्षा चांगला मध्यस्थ नाही. टक लावून बघू नका, डोळे हळूहळू मिटा आणि हळूहळू उघडा. मला हा येडेपणा वाटायचा, पण 2020 साली ससेक्स विद्यापीठाच्या लोकांनी तपासून पाहिलं. असं केलं की मांजरंही तशीच डोळे मिटतात आणि अनोळखी माणसाच्या हाताकडे जास्त येतात. स्पर्शाची घाई नको. आधी लांब काडीला दोरी बांधून खेळवा, म्हणजे तुमच्याजवळ असूनही त्यांना तुमच्यापासून लांब असल्यासारखं वाटतं. पहिला हात गालाला किंवा हनुवटीखाली, डोक्यावरून कधीच नाही, आणि तेही दोनच सेकंद. ती निघून जायच्या आधी तुमचा हात निघायला हवा. शेपूट उभी करून तुमच्याकडे आली तर समजा निम्मं झालं.

रात्रीच्या धुमाकुळाचं वाईट वाटून घेऊ नका. मांजर मुळात संधिप्रकाशातलं जनावर, आणि तुम्ही झोपलात की घर सुरक्षित होतं. रात्री घर पालथं घालणारी पिल्लं म्हणजे घर आपलं करणारी पिल्लं. सकाळी सगळं जसंच्या तसं सापडलं असतं तर मला जास्त काळजी वाटली असती.

दादाचं आणखी एक ठेवणीतलं वाक्य आहे, की मांजर घराला धरून असतं, माणसाला नाही. 2019 मध्ये क्रिस्टिन विताली यांनी पिल्लांना त्यांच्या माणसापासून दोन मिनिटं वेगळं करून पाहिलं. माणूस परत आल्यावर सुमारे 64 टक्के पिल्लं सावरून पुन्हा खोली धुंडाळायला लागली, म्हणजे त्यांना तो माणूस आधार वाटत होता. ती माणसाळलेली पिल्लं होती, माझ्या तिच्यासारखी नव्हती, हे मान्य.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. तुमची पिल्लं खरंच दहा आठवड्यांची आहेत का बघा. चार महिन्यांपर्यंत महिन्याला अर्धा किलोच्या जरा आत, असा वजनाचा ठोकताळा आहे. सहा-सात आठवड्यांची असतील तर टॉवेलात गुंडाळून, रोज थोडा वेळ, खायला देत देत धरण्याने फायदा होतो. अनुभवी लोकही तसं करतात. (दादाने अर्धा तास धरलं, आणि खायला काही दिलं नाही.) चावलं किंवा बोचकारलं तर साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. पिल्लू एवढंसं आहे म्हणून सोडू नका. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर भीतीच असेल असं धरून चालू नका, प्राण्यांच्या डॉक्टरला दाखवा. आणि भाटी असेल तर माणसाळायची वाट बघत ऑपरेशन लांबवू नका. चौथ्या महिन्यातही गाभण राहू शकते.

ती कधी मांडीवर आली नाही. रात्री पायाशी झोपते, सकाळी मी उठले की डोकं घासून जाते. तुमच्यापैकी एक असंच निघालं तर त्याला तसंच राहू द्या. वहीत शेवटची नोंद गेल्या महिन्यातली आहे, दादा आला होता तेव्हाची: माझ्यापासून शून्य, दादापासून चार. तो म्हणाला, चार म्हणजे माणसाळलीच की. मी वही मिटली.