पहिलं हत्यार म्हणून रिव्हॉल्व्हर घ्यावं की सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल?

तुम्ही लिहिलंय की परवाना मिळालाय, हत्यार आजवर कधी चालवलेलं नाही, आणि ओळखीतले सगळे सांगतायत, नवख्या माणसाने डोळे झाकून रिव्हॉल्व्हर घ्यावं. मला हे पटत नाही. खिशात मावणारं छोटं रिव्हॉल्व्हर समजायला सोपं आहे, पण त्याने नेम साधणं फार अवघड. लोक नेमकी इथेच गल्लत करतात.

माझीही सुरुवात तशाच रिव्हॉल्व्हरने झाली. 5 काडतुसं, दोन इंची नळी, वजन जेमतेम अर्धा किलो. एकदा प्रशिक्षकांनी मला न दाखवता सिलिंडरमध्ये (काडतुसांच्या फिरत्या नळकांड्यात) तीन खरी आणि दोन डमी, म्हणजे न उडणारी, काडतुसं भरली. दुसऱ्यांदा चाप ओढला, नुसता 'टक' आवाज आला, आणि नळीचं टोक चांगलं दोन बोटं खाली गेलं. गोळी सुटलीच नव्हती, म्हणजे झटक्याला दोष देता येईना. माझा हातच झटक्याच्या धास्तीने आधी दबत होता.

त्यात चापही जड. रिव्हॉल्व्हरचा चाप ओढताना घोडा (काडतुसावर आघात करणारा मागचा खटका) मागे जातो आणि सिलिंडरही फिरतो; दोन्ही कामं एकाच बोटाने. त्याला साधारण साडेचार-पाच किलोची ओढ लागते, म्हणजे हत्याराच्या वजनाच्या दहापट. स्ट्रायकरवाल्या (घोड्याऐवजी आत स्प्रिंगवरची पिन असलेल्या) पिस्तुलाला अडीच-तीन किलो पुरतात. शिवाय छोट्या मुठीवर करंगळीला जागा नसते.

रिव्हॉल्व्हरचे गुण मात्र खरे आहेत. काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं काडतूस समोर येतं. झटापटीत नळी समोरच्याच्या अंगावर दाबली गेली तर पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे सरकून ते अडू शकतं. रिव्हॉल्व्हरला ती अडचण नाही. ज्यांना स्लाइड ओढता येत नाही त्यांच्यासाठीही ते बरं, पण अशा बोटांना जड चापही झेपतो का, ते आधी बघावं. आणि रिव्हॉल्व्हर कधीच अडत नाही हे खरं नाही. सिलिंडरमधून रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चकतीखाली एखादी पुंगळी अडकली, तर ती जागच्या जागी सुटत नाही.

पिस्तुलाचं मला सगळ्यात जास्त भय वाटतं ते एका गोष्टीचं. मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) काढलं की पिस्तूल रिकामं झालं असं नवख्याला वाटतं, पण एक काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, तसंच असू शकतं. जीवघेणे अपघात असे होतात. मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढून मागे अडकवायची, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं, बोट घालून चाचपायचं. दर वेळी, याच क्रमाने. एवढी शिस्त अंगवळणी पडणार नसेल तर पिस्तूल घेऊ नका. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर उघडलं की सगळी घरं एका नजरेत दिसतात.

मनगट सैल राहिलं तरी पिस्तूल अडू शकतं. अडलं की मॅगझिनच्या बुडाला तळहाताने थाप द्यायची आणि स्लाइड मागे खेचून सोडायची. हे विचार न करता व्हायला हवं, आणि त्यासाठी सराव लागतो.

महिन्यातून एकदा तरी रेंजवर जाणार असाल तर मी मध्यम आकाराचं पिस्तूल सुचवेन. अशा पिस्तुलात छोट्या रिव्हॉल्व्हरपेक्षा बऱ्याचदा जास्त काडतुसं बसतात, पट्ट्याला ते चपटं बसतं, आणि लांब मुठीमुळे झटका हातात जिरतो. होल्स्टर कडक आणि चाप पूर्ण झाकणारं घ्या. कापडी, लोळागोळा होणारं नको.

विकत घेण्याआधी रेंजवर दोन्ही मागून घ्या. सात मीटरवरून प्रत्येकी 50 गोळ्या झाडा आणि शेवटच्या दहा कुठे लागल्या ते बघा, कारण तोवर हात थकलेला असतो. मध्ये डमी काडतुसं मिसळायला दुसऱ्या कुणाला तरी सांगा.